मगदूम अण्णांची हरकत

आमच्या सोसायटीत कोणी वारलं की पार्किंगमध्ये शोकसभा होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हार घातलेला फोटो, दोन मिनिटं स्तब्धता, आणि मग खालमानेनं आपापल्या घरी. अशाच एका शोकसभेत, तळमजल्यावरच्या सुतार आजींच्या फोटोसमोर सगळे डोळे मिटून उभे असताना मागून खणखणीत आवाज आला, "हरकत हाय!"

सगळ्यांचे डोळे उघडले. आजींच्या सुनेनं तर दचकून आधी फोटोकडंच बघितलं.

हरकत मगदूम अण्णांची होती. श्रद्धांजलीचा ठराव चेअरमननी मांडला, पण त्याला अनुमोदन कोणाचं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. "सूचक हाय, अनुमोदक न्हाय," अण्णा म्हणाले. "असला ठराव टिकत न्हाय." आता गेलेल्या म्हातारीचा ठराव कोण कोर्टात खेचणार होतं? पण अण्णा खाली बसेनात. शेवटी आजींच्या थोरल्या मुलानंच नाक पुसत हात वर केला आणि स्वतःच्या आईच्या श्रद्धांजलीला अनुमोदन दिलं. "आता रीतसर झालं," असं म्हणून अण्णा बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यावर येतं तसलं समाधान होतं.

अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे. कुठल्याशा सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म काढला. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, कारकून सुटला नाही. काटकुळं अंग, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यापर्यंत गुंडी लावलेला पांढरा शर्ट आणि काखेत सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक. उपविधी म्हणजे तुम्हीआम्ही ज्याला बायलॉज म्हणतो आणि फ्लॅट घेताना न वाचता ज्यावर सही ठोकतो, ते. अण्णांनी ते वाचलेलं आहे. नुसतं वाचलं असतं तरी आम्ही सोसलं असतं. पण वाचून त्यांना आनंद होतो, हे आमचं दुर्दैव.

गणपतीत आरती संपली, ताट फिरायला लागलं की अण्णा विचारणार, "ठराव मोदकाचा झालता. पेढं कुणाच्या मंजुरीनं आणलं?" माझ्या बायकोनं गच्चीवर हळदीकुंकू केलं, तर सामाईक जागेच्या वापराचा अर्ज कुठाय म्हणून हे वाणाच्या ताटासमोर उभे. बायका पदर सावरून मागं सरल्या. बायकोनं त्यांच्या हातात एक वाण ठेवलं आणि म्हणाली, "अण्णा, हाच अर्ज समजा." त्यांनी वाण घेतलं. ती स्टीलची वाटी होती. दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. पुरुष सभासदाला वाण घेण्याची तरतूद नाही म्हणे.

माझी आई त्यांच्याविषयी एकच वाक्य बोलायची. "ह्या बाबाला देवानं वर नेलं तरी दारातच इचारंल, कोरम झालाय काय?"

त्यांच्या बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, मुलाकडं बेंगळुरूला राहतात, नातवंडं सांभाळतात. अण्णाही एकदा कायमचे म्हणून गेले होते. महिना व्हायच्या आत गडहिंग्लजला उतरून, तिथून एसटीनं परत कोल्हापुरात हजर. मी विचारलं, "करमलं नाही होय?"

"करमाय काय झालंय? मोठी सोसायटी हाय, बाग हाय, पव्हायचं तळं हाय. पण फ्लॅट पडला पोराच्या नावावर. मी सभासदच न्हाय. मीटिंगला गेलतो, तर मागं बसवलं आणि म्हणाले, अंकल, तुम्ही बोलायचं नाही."

म्हणजे जिथं हरकत घेता येत नाही तिथली हवाच ह्या माणसाच्या फुप्फुसाला मानवत नव्हती. उचगावच्या रस्त्याला माझं प्लायवूडचं दुकान आहे. तिथं येईल त्या गिऱ्हाइकाला मी हा किस्सा ऐकवला. हसून हसून सुतारांच्या हातातली पट्टी पडायची.

आता अण्णांच्या हरकती कोणाविरुद्ध असायच्या, तर मुख्यतः इनामदार सरांविरुद्ध. इनामदार सर आमचे सेक्रेटरी. शाळेत पीटीचे शिक्षक होते. सोसायटीही त्यांनी पीटीच्या तासासारखीच चालवली. गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे पाण्याचा टँकर आला, दोन म्हणजे कोणाची तरी गाडी आडवी लागली आहे, तीन म्हणजे खाली या, मीटिंग आहे. नोटीस नाही, विषयपत्रिका नाही, काही नाही. अण्णा पाचव्या मजल्यावरून पुस्तक घेऊन खाली यायचे आणि सुरू व्हायचे, "शिट्टी ही नोटीस धरता येत न्हाय!" इनामदार ओरडायचे, "मगदूम, रांगेत या!" मग एक तास कुस्ती. आम्ही बाकीचे शेंगा खात बसायचो. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही, असं अख्ख्या बिल्डिंगचं मत होतं, आणि माझंही.

असं चाललं असताना एका सकाळी टँकर मागं घेताना, हात हलवून ड्रायव्हरला खुणा करता करता इनामदार सर पार्किंगमध्येच कोसळले. पॅरालिसिसचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आम्ही सगळे जाऊन भेटून आलो. ज्या माणसाच्या आवाजानं पाचव्या मजल्यावरची कबुतरं उडायची, तो खिडकीपाशी खुर्चीत बसून भिंतीकडं बघत होता.

पुढच्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीच्या करारावर आणि बँकेत चेअरमनबरोबर सेक्रेटरीची सही लागते. सेक्रेटरीचा हात मांडीवर निपचित पडलेला. माझी आई चौथ्या मजल्यावर, गुडघ्यांनी अधू. ती घरात अडकली. खालच्या दत्ताच्या देवळात जाणं बंद, भाजीवालीशी घासाघीस बंद. आईची घासाघीस बंद झाली की ती घरच्यांशी सुरू होते. त्यामुळं सेक्रेटरीचं पद लवकर भरलं पाहिजे, ही माझ्या घरातली निकड होती.

आमचे चेअरमन चौगुले, बांधकामाची कंत्राटं घेणारे, भलत्या घाईचे गृहस्थ. त्यांनी कमिटीची सभा बोलावली. कमिटीत मी होतो, अण्णाही होते. बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि म्हणाले, "मुदतीच्या मधीच पद रिकामं झालं तर उरलेल्या मुदतीसाठी कमिटीनं माणूस नेमायचा असतोय. मी शिंदेंचं नाव सुचवतो. चला, टाळ्या."

शिंदे म्हणजे मी. मी नम्रतेनं खाली बघायला सुरुवात केली होती, तेवढ्यात, "हरकत हाय!"

अण्णा उभे. "विषयपत्रिकेत हा विषय कुठाय? ऐनवेळच्या विषयात पद भरता येत न्हाय."

"अण्णा, लिफ्ट बंद हाय," चौगुले म्हणाले.

"तेबी विषयपत्रिकेत न्हाय."

झालं. सभा मोडली. पुढच्या महिन्यात चौगुल्यांनी रीतसर नोटीस काढली, विषय छापला, सह्या घेतल्या. अण्णा आले, नोटीस उन्हात धरून नोट तपासतात तशी तपासली आणि म्हणाले, "सेक्रेटरीची निवड असं लिहिलंय. पण पद रिकामं झाल्याचा ठराव कुठाय? माणूस जिवंत हाय. राजीनामा दिलेला न्हाय. मग खुर्ची रिकामी कशी? भरल्या खुर्चीत दुसरा माणूस बसवायचा म्हंजे मांडीवर बसवायचा काय?"

"ते सलग तीन सभांना गैरहजर हायत," चौगुल्यांनी आपलं पान फेकलं. "तुमच्याच पुस्तकात हाय, पद जातंय."

अण्णांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "तीन कुठल्या? पावसाळ्यात ते गावाकडं गेलते, ती सभा कोरम न्हाय म्हणून तहकूब केली. गेल्या महिन्यातली मोडली, तिचं इतिवृत्तच झालं न्हाय. जी सभाच झाली न्हाय, तिला माणूस गैरहजर कसा ऱ्हाईल?"

ह्यावर चौगुल्यांनी जो शब्द उच्चारला तो इतिवृत्तात घेता येणार नव्हता. अण्णांनी तो घ्यायलाच लावला.

मला खात्री पटली. ह्या माणसाला ती खुर्ची स्वतःला पाहिजे. आयुष्यभर इनामदारांशी भांडला, आता आयतीच चालून आली आहे, आणि माझं नाव पुढं आल्यामुळं पोटात दुखतंय. मी हे बायकोला सांगितलं, आईला सांगितलं, दुकानात सांगितलं. आईनं अण्णांच्या सात पिढ्या उद्धरल्या. गंमत म्हणजे अण्णा स्वतः पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद असल्यामुळं रोज कठड्याला धरून, मजल्यामजल्यावर दम खात ते वर चढायचे. आमच्या दारासमोर थांबून धापा टाकायचे तेव्हा आई आतून मोठ्यानं म्हणायची, "घ्या अजून हरकत!" बाहेरून उत्तर यायचं नाही. दम लागलेला असायचा.

शेवटी चौगुल्यांनी मला बाजूला घेतलं. "शिंदे, ह्या मगदूमाला वळसा घालू. तुम्ही इनामदार सरांच्या घरी जावा. वहिनींना समजून सांगा. डाव्या हाताचा अंगठा दिला तरी चालतंय. एकदा राजीनामा आला की हा काय करणार?"

मला ते पटलं. एका दुपारी चारच्या सुमाराला मी राजीनाम्याचा मजकूर खिशात घालून पहिल्या मजल्यावर गेलो. दाराशी पोचतोय तोवर आतून आरडाओरडा ऐकू आला.

"तुम्ही सेक्रेटरी न्हाईसा, ट्रॅफिक पोलीस हायसा! टाकी धुतली कवा? सांगा की! सभासदाला उत्तर द्याय लागतंय!"

आवाज अण्णांचा. माझं टाळकंच सरकलं. लुळ्या पडलेल्या, मुक्या झालेल्या माणसाच्या घरात घुसून हा टाकीचा हिशेब मागतोय! मी बेल दाबून धरली. मंगलवहिनींनी, म्हणजे इनामदार सरांच्या पत्नींनी दार उघडलं.

"वहिनी, ह्यांना तुम्ही आत घेताच कशा?" मी कडाडलो.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. "बोलू नका. बघा फक्त," त्या पुटपुटल्या.

खिडकीपाशी इनामदार सर. तोंड लालबुंद. डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या हातावर आपटत होते. समोर स्टुलावर अण्णा, कान पुढं केलेला.

"धु... धु..." सर म्हणाले.

"काय धू? ऐकू येत न्हाय. शाळेत कसं वरडत होतासा?"

"धुतली!"

"कवा?"

"दि... दिवा..."

"दिवाळीत? दिवाळीला तुम्ही गावाकडं गेलतासा. मी इथंच होतो की. खोटं बोलालायसा!"

सरांचं अख्खं अंग थरथरलं. मान ताठ झाली. ओठ वाकडे झाले, सरळ झाले, परत वाकडे झाले. "न्हाय! खो... खोटं... न्हाय!"

वहिनींची बोटं माझ्या दंडात रुतली. "ऐकलंसा? शब्द जोडले त्यांनी."

अण्णांनी मात्र तोंड वाकडं केलं. "उत्तर असमाधानकारक," ते म्हणाले आणि पुढचा विषय काढला. पार्किंगचे पट्टे.

वहिनींनी मला आत नेलं. गॅसवर दूध होतं, ते बघत त्या सांगायला लागल्या. "डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, न्हाईतर गेलेली वाचा गेलीच. मी बोलते, लेक पुण्याहून फोनवर बोलती. बोलाय शिकवणारी बाईबी लावली. चित्रं घेऊन यायची. हे काय, आंबा. हे काय, मांजर. ह्यांनी तोंडच फिरवलं. जन्मभर पोरांना कवायत शिकवलेला माणूस, त्याला मांजर इचारताय! भेटाय येणारे 'बरं वाटंल' म्हणायचे आणि घड्याळाकडं बघायचे. मग तेबी बंद झाले. एक दिवस अण्णा आले. पायताण काढलं की न्हाय, भांडण सुरू. शिट्टीला नोटीस म्हणत न्हाईत म्हणून. मी हाकलणारच होते, तेवढ्यात हे 'गप' म्हणाले."

"काय म्हणाले?"

"गप. घरी आणल्यापासनं पहिला शब्द." त्यांनी गॅस बारीक केला. "तवापासनं रोज चारला येत्यात. हे तीनपासनंच दाराकडं बघत बसत्यात. मला खुणेनं सांगून शर्ट बदलून घेत्यात."

खिशातला कागद मी तसाच ठेवला आणि निघालो. जिन्यात अण्णांनी मला गाठलं. नेहमीप्रमाणं कठड्याला धरून उभे.

"कशाला आलतासा, ठाव हाय मला," ते म्हणाले. "अंगठा घ्याय."

माझा हात आपोआप खिशावर गेला.

"शिंदे, सेक्रेटरी हाय तवर त्यांच्याशी भांडता येतंय. टाकी इचारता येती, पट्टं इचारता येत्यात. उद्या तुम्हाला खुर्चीत बसवलं की ते नुसतं पेशंट. पेशंटशी कोण भांडतंय? पेशंटला सगळी मांजरंच दाखवत्यात."

"अहो, पण हे आम्हाला सांगायचं तरी! आणि लिफ्टचं काय? माझी आई कोंडल्यागत बसली आहे वर."

"लिफ्टला काय झालंय? सहीचा अधिकार कमिटीला तात्पुरता दुसऱ्याला देता येतोय. ठराव करा, ब्यांकेत द्या. त्याला पद भराय लागत न्हाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कुणी इचारलं? तुम्ही सगळी नवा सेक्रेटरी, नवा सेक्रेटरी करत बसलासा. जो विषय समोर, त्यावरच बोलायचं असतंय."

त्यांच्या पाया पडावं आणि त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावं, असे दोन विचार माझ्या मनात एकदमच आले. खरं सांगतो, दुसरा जास्त जोरात होता.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि सहीचा तात्पुरता अधिकार मला द्यावा, पद आहे तसंच राहावं, असा ठराव मांडला. चौगुले माझ्याकडं डोळे फाडून बघायला लागले. "शिंदे, हे तुम्हाला कसं काय सुचलं?" अण्णा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी अनुमोदन दिलं. आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. आई देवळात गेली, येताना कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी कडाक्याचं भांडून आली. तिचा चेहरा खुलला होता. अण्णांविषयीचं तिचं मत मात्र बदललं नाही. मीही ते बदलायला गेलो नाही. कारण खरी गोष्ट सांगितली असती तर ती त्यांना जेवायला बोलावून बसली असती, आणि अण्णांनी पोळ्यांची वाटपपद्धती विचारली असती.

वार्षिक सभेपर्यंत इनामदार सर हळूहळू वाक्यं बोलायला लागले होते. शब्द अडखळत यायचे, पण यायचे. सभेला त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा समोरच्या रांगेत पुस्तक उघडून तयारच होते. अहवालातल्या पहिल्याच ओळीवर त्यांना बोलायचं असावं. पण त्याआधी सरांनी डावा हात वर केला.

"मी... राजीनामा... देतो."

अण्णा ताडकन उठले. "हरकत हाय! तोंडी राजीनामा धरता येत न्हाय. लेखी पायजे. तोबी कमिटीकडं पायजे, ह्या सभेकडं न्हाय. आणि कारण पायजे!"

"मगदूम," सर म्हणाले. एकेक शब्द ते ओझं उचलून ठेवावं तसा ठेवत होते. "खाली... बसा. आम्ही... पुण्याला... चाललोय. लेकीकडं. कायमचं. मंगलला... आता... झेपत नाही."

मंगलवहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी अण्णांकडं बघितलं नाही. अण्णांना हे आधी सांगायचं धाडस त्या घरात कोणालाच झालं नसावं.

अण्णा उभेच होते. पुस्तकाची पानं त्यांनी पुढं उलटली, मागं उलटली. मग म्हणाले, "सभासद... गाव सोडून जात असंल तर..." आणि पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. ते बसले.

लेखी राजीनामा दुसऱ्या दिवशी आला. कमिटीची सभा झाली, पद रिकामं झाल्याचा ठराव झाला, उरलेल्या मुदतीसाठी नेमणुकीचा विषय आला. चौगुल्यांनी, काय मनात आलं कोण जाणे, अण्णांचंच नाव सुचवलं. अण्णांनी मान हलवली. "इल्ला," ते म्हणाले, म्हणजे नाही. फार वाईट वाटलं की त्यांच्या तोंडून कानडी निघतं. "शिंदेंना करा."

"कोणाची हरकत?" चौगुल्यांनी विचारलं आणि सवयीनं थांबले. आम्ही सगळे अण्णांकडं बघत होतो.

"न्हाय," अण्णा म्हणाले.

असा मी सेक्रेटरी झालो. सभा पाव तासात संपली. इतक्या लवकर घरी जायची कोणाला सवय नव्हती. आम्ही उगाच खुर्च्यांवर बसून राहिलो.

इनामदार गेले तेव्हा अण्णा टेम्पोजवळ उभे होते. सामान चढवणाऱ्यांना त्यांनी काही विचारलं नाही. गाडीच्या खिडकीतून सरांनी त्यांची बाही डाव्या हातानं घट्ट धरली होती, ती गाडी हलेपर्यंत सोडली नाही. त्यानंतर अण्णा सभेला यायचे, सही करायचे, जायचे. मी एकदा नोटिशीत वार चुकीचा छापला, त्यांनी ती मुकाट्यानं घेतली. आमच्या मजल्यावरून आता ते लिफ्टनं वर जात. आई आतून दोनचार शब्द फेकायची, पण बंद लिफ्टला ते ऐकू जात नव्हते.

एका दुपारी दुकान लवकर बंद करून मी घरी येत होतो. लिफ्टला वेळ होता म्हणून जिन्यानं निघालो. पहिल्या मजल्यावर इनामदारांच्या दारासमोर अण्णा उभे. दाराला मोठं कुलूप. अण्णांच्या अंगात धुतलेला, इस्त्रीचा शर्ट.

मला बघून ते म्हणाले, "कुलूप नीट लागलंय काय बघालतो."

मी घड्याळात बघितलं नाही. गरज नव्हती.

"अण्णा, वर चला जरा," मी म्हटलं.

"कशाला?"

"तक्रार आहे तुमच्याविरुद्ध."

त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली. "कुणाची?"

"आईची."

"तोंडी का लेखी?"

"तोंडी. पण बरीच मोठी आहे."

"चला," अण्णा म्हणाले आणि माझ्या पुढं जिना चढायला लागले.

दार उघडून त्यांना बघितल्यावर आईला मी काही सांगायची वेळच आली नाही. तिनं चष्मा लावला. "या की," ती म्हणाली, "बसा तिथं. मला कोंडून घातलंसा वर, माझं देऊळ बुडवलंसा, आणि बाहेर धापा टाकत उभा ऱ्हायचासा तवा एक शब्द तोंडातनं काढत नव्हतासा! आज काढा."

"हे बघा आई," अण्णा खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "तुम्ही सभासद न्हाईसा. फ्लॅट पोराच्या नावावर हाय. तरीपण मी तुमचं म्हणणं ऐकून घेतो."

"ऐकून घेतो? कुणाच्या घरात बसून बोलालायसा?"

आईचा सूर चढला, पाठोपाठ अण्णांचाही चढला. मी चहा टाकायला आत गेलो आणि मुद्दाम गॅस बारीक ठेवला.